मुरमाखालचा हिशेब

सांगली जिल्ह्यात पाणी मोजायची दोन मापं घरोघरी माहीत आहेत. पावसाळ्यात आयर्विन पुलाचे फूट, आणि उन्हाळ्यात विहिरीचे परस. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेनं आयर्विनजवळ 57 फुटांची खूण ओलांडली, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. मे महिन्यात आपल्या विहिरीला किती परस पाणी उरतं, हे जतच्या म्हाताऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बिनचूक सांगेल. पाणी किती, याचा हिशेब असा चोख. पाण्यात काय, याचा मात्र कुणी ठेवत नाही. चव बदलली तर ‘पाणी मचूळ झालंय’, डाळ शिजेना तर ‘पाणी जड झालंय’, आणि कारखान्याच्या पट्ट्यात विहिरीचा रंग तपकिरी झाला तर ‘मळी उतरली’. निदान इथंच संपतं.

विहिरीत नको ते उतरलं की मालकाचे प्रश्न ठरलेले असतात. कुठून आलं? कधीचं निघालेलं? आणि अजून किती वर्षं येत राहणार? प्रयोगशाळेचा अहवाल यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. आज दिलेल्या बाटलीत काय आहे, तेवढंच तो सांगतो. बाटलीतल्या आकड्यावरून मागं कुणाच्या तरी शेतापर्यंत जायचं, किंवा पुढं दहा वर्षांनंतरचं बघायचं, तर मधली सगळी जमीन हिशेबात धरावी लागते. जगभर आता हा हिशेब संगणकावर मांडतात आणि त्याला मॉडेल म्हणतात. सातारा-सांगलीच्या जमिनीत हे मॉडेल कुठं बसतं आणि कुठं फसतं, ते बघण्यासारखं आहे. कारण ही जमीन त्या मॉडेलवाल्यांनी डोळ्यांपुढं ठेवलेली जमीन नव्हे.

पाया तसा सोपा. फ्रान्समधल्या दीजों गावाला नळाचं पाणी आणणारा इंजिनिअर हेन्री दार्सी यानं वाळूनं भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिलं आणि 1856 साली नियम छापला: पाण्याच्या पातळीत जितका उतार जास्त आणि थर जितका पाझरणारा, तितका प्रवाह जास्त. पाटाचं पाणी राखणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नियम आपल्या मुरमाला लावून बघू. मुरमाची पाझरण्याची क्षमता दिवसाला 5 मीटर धरली आणि भूजलाचा उतार दोनशे मीटरला एक मीटर, तर गुणाकार येतो दिवसाला अडीच सेंटिमीटर. पण पाणी अख्ख्या खडकातून जात नाही, त्यातल्या पोकळीतून जातं. देशाची भूजल मोजणी ज्या 2015 च्या पद्धतीनं होते, तिच्यात झिजलेल्या आणि सांधे पडलेल्या बेसाल्टमधून निचरून मिळणारं पाणी आकारमानाच्या साधारण 2 टक्के धरतात. तोच आकडा पोकळी म्हणून उसना घेतला, तर पाण्याचा खरा वेग दिवसाला सव्वा मीटर भरतो, म्हणजे वर्षाला साडेचारशे मीटर. एका शेतातलं पाणी पुढच्या वर्षी चौथ्या शेतात.

आता पोकळी 2 टक्क्यांऐवजी 0.2 टक्के धरा. खडकात मोजक्या भेगाच पाणी वाहत असतील, तर हे अशक्य नाही. वेग दहापट होतो आणि वर्षाला साडेचारशे मीटरचे साडेचार किलोमीटर होतात. समीकरण तेच आणि संगणकही तोच. एका आकड्यानं शिवार ओलांडून पाणी शेजारच्या गावात गेलं. हा आकडा संगणक काढत नाही. तो आपण द्यायचा असतो.

पाण्याबरोबर सगळी रसायनं सारख्या वेगानं चालत नाहीत. काही पाण्याचा हात धरून जातात, काही मातीला चिकटतात, काही वाटेतच मोडतात. मॉडेलमध्ये या प्रत्येक वागण्याचा एकेक आकडा असतो आणि तीन ओळखीच्या वस्तूंवरून तो कळतो: युरिया, तणनाशक आणि मोरचूद.

युरियापासून सुरुवात करू, कारण उसाच्या पट्ट्यातला खरा गडी तो. आडसाली उसाला महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे. शिफारशीवर थांबणारे किती, हे ज्यानं त्यानं आपल्या खताच्या दुकानदाराला विचारावं. शेतकऱ्यांच्या तोंडी बेसल डोसचा ‘भेसळ डोस’ झालाय. लागणीचा तो डोस, मग बाळभरणी, मग मोठी भरणी, प्रत्येक वेळी पोती मोकळी होतात आणि पाठोपाठ सरीत पाणी सुटतं. मातीत युरियाचा नायट्रेट होतो. नायट्रेटवर ऋण विद्युतभार आणि काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी खाली निघालं की तोही निघाला.

किती? कागदावर मांडता येतं. 400 किलोंतलं चौथाई नत्र, म्हणजे 100 किलो, पिकाच्या हाती न लागता खाली गेलं असं धरा. नायट्रेटच्या वजनात ते सुमारे 443 किलो होतं. पावसाचं आणि सरीचं मिळून 300 मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली झिरपलं, तर एका हेक्टरमागं तीस लाख लिटर झालं. भागाकार करा: लिटरला 148 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकाची मर्यादा 45 आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरनं 1945 साली विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटनं निळी पडणारी तान्ही मुलं नोंदवली, तेव्हापासून या मर्यादेचा इतिहास सुरू होतो. त्या विहिरीही शेतांतल्याच होत्या.

हा चार ओळींचा भागाकार म्हणजेही एक मॉडेलच. त्यात खोट अशी की खाली गेलेलं सगळं नायट्रेट तसंच राहत नाही. जमीन पाण्यानं भरून हवा संपली की मातीतले जिवाणू प्राणवायूसाठी नायट्रेट फोडतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. कृष्णाकाठच्या वाळवा-पलूस-मिरजेच्या पाणथळ, चिबड जमिनीत हे घडायला सगळी सोय आहे. तासगाव-कवठेमहांकाळच्या उघड्या मुरमात, जिथं हवा खेळती राहते, तिथं कमी. म्हणून उसाच्या दाट पट्ट्यापेक्षा कमी खत पडणाऱ्या मुरमाड गावात नायट्रेट जास्त निघालं, तर प्रयोगशाळेवर संशय घ्यायचं कारण नाही.

उसात तण उगवायच्या आत फवारतात ते ॲट्राझीन वेगळ्या जातीचं. ते थोडं मातीला धरतं, थोडं पाण्याबरोबर जातं. मातीतल्या सेंद्रिय भागाला चिकटण्याचा त्याचा आकडा 100 च्या आसपास आणि शेतात निम्मं मोडायला साधारण दोन महिने. मातीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल, तर ॲट्राझीन पाण्याच्या अडीच पटींहून थोडं जास्त रेंगाळतं. उशिरा पोचतं, पण पोचतं. 1989 साली गुस्टाफसन या अमेरिकी संशोधकानं या दोन आकड्यांवरून एक निर्देशांक बसवला: 2.8 च्या वर गेलेलं रसायन भूजलात उतरणारं, 1.8 च्या खालचं सहसा न उतरणारं. ॲट्राझीनचा निर्देशांक साडेतीनच्या वर येतो. युरोपीय संघानं 2004 साली त्याला दार बंद केलं ते भूजलात सापडत राहिल्यामुळंच. ग्लायफोसेटचा आकडा याच सूत्रानं शून्याच्याही खाली जातो, कारण ते मातीला घट्ट धरतं. लोकांच्या रागाची क्रमवारी आणि भूजलाच्या धोक्याची क्रमवारी जुळत नाही, ती अशी.

मोरचूद तर जागचं हलतच नाही. द्राक्षबागेत डाऊनी रोगासाठी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो फवारायची रीत फ्रान्सच्या बोर्दो भागातून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाली. त्यातलं तांबं वरच्या वीतभर मातीत बसून राहतं आणि वर्षानुवर्षं साठत जातं. जुन्या फ्रेंच मळ्यांत ते मोजलं गेलंय. विहिरीला त्याचा ताप नाही, गांडुळांना आहे.

रसायनांचे हे आकडे पुस्तकात मिळतात. आपल्या जमिनीचे मिळत नाहीत, आणि खरी गोष्ट तिथं सुरू होते.

सावळज-मणेराजुरीच्या बाजूला उन्हाळ्यात एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहिलं की जमिनीचा उभा छेद समोर असतो. वर हात-दोन हात माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, फावड्यानं सुटणारा. मग गोटे सुटत आलेला खडक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सोलत जाणारा. खाली काळा कातळ, ज्यावर सुरुंगाच्या पहारीच्या उभ्या खुणा दिसतात. मध्येच कुठं तांबड्या गेरूची हातभर पट्टी आडवी गेलेली, आणि बरोबर त्या पट्टीच्या माथ्यावर ओलीची रेघ. लाव्हाचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरले. दोन थरांच्या मधल्या काळात जी माती झाली ती भाजून गेरू झाली. गेरू पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते त्याच्या डोक्यावरून आडवं चालतं आणि विहिरीत झऱ्याच्या रूपानं उघडं पडतं. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी रासाटीला पाडलेल्या विंधन विवरात हा बेसाल्ट 930 मीटरहून जाड निघाला, आणि गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल विवरात जवळपास साडेबाराशे मीटर. पण आपल्या विहिरींचं जगणं वरच्या पंधरा-वीस मीटरांतलं. पुणे विद्यापीठाचे एस. बी. देवळाणकर यांनी 1980 साली दख्खनच्या बेसाल्टची पाणी धरायची ताकद थराथरानं मांडली. पुढं हिमांशू कुलकर्णी आणि पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेनं ते काम गावपातळीपर्यंत नेलं. सांगणं थोडक्यात असं: शेजारच्या दोन विहिरी एकाच थरात असतील असं गृहीत धरू नका.

विहिरीत आणखी खाली वाकून पाहिलं तर तळाशी भिंतीत मुठीएवढी भोकं दिसतात. हे आडवे बोअर. पाणी आटलं की यंत्र विहिरीत उतरवून चारी दिशांना शंभर-शंभर फूट भोकं मारतात. एखादं लागतं, बाकीची कोरडी. लागलेलं भोक म्हणजे शेजारच्या उसाखालून थेट आपल्या विहिरीत आलेली मोरी. वर दार्सीच्या हिशेबानं जे अंतर काटायला महिना लागला असता, ते पाणी तासाभरात पार करतं. उभ्या बोअरचंही तसंच. केसिंग मुरूम संपेपर्यंतच घालतात, पुढं उघडा कातळ. म्हणजे वरच्या थरातलं खतपाणी बोअरच्या भोकातून गेरूची पट्टी चुकवून तीनशे फूट खाली जायला मोकळं. निसर्गानं साडेसहा कोटी वर्षं जपलेलं झाकण आपण रिगनं एका रात्रीत भोसकतो.

आता हेच शिवार संगणकात कसं दिसतं ते बघा. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणानं 1984 मध्ये मॉडफ्लो हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. चुनमियाओ झेंग यांनी 1990 मध्ये त्याला विरघळलेल्या रसायनांचा प्रवास जोडला. दोन्ही फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात, जगभर चालतात. त्यात जमिनीचे चौकोन पाडतात, समजा शंभर मीटर बाय शंभर मीटर, आणि प्रत्येक चौकोनाला पाझरण्याचा, पोकळीचा, चिकटण्याचा एकेक आकडा. अडीच एकराच्या त्या चौकोनात एक विहीर, तिचे चार आडवे बोअर, दोन उभे बोअर आणि एक ओघळ असला, तरी चौकोनाचा आकडा एकच. वाळूच्या जाड थरांवर, गंगेच्या मैदानात किंवा हॉलंडात हे खपून जातं. आपल्याकडं चौकोनाच्या आतच सगळं नाटक घडतं. आडव्या भोकांसाठी मॉडफ्लोत तजवीज आहे. अडचण एवढीच की कुठल्या विहिरीला किती, कुठल्या दिशेला आणि किती लांब, ही यादी कुठल्याही कार्यालयात नाही. ती फक्त रिगवाल्याच्या आणि मालकाच्या डोक्यात.

वरच्या मातीचं वेगळं मॉडेल असतं. हायड्रस नावाचं, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या सॅलिनिटी लॅबोरेटरीत घडलेलं. ही तीच प्रयोगशाळा जिच्या 1954 च्या पुस्तिकेवरून आपल्याकडं आजही क्षारयुक्त जमीन कुठली आणि चोपण कुठली हे ठरतं. मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या कागदावरचे चार डेसिसायमन्स आणि पंधरा टक्के सोडियम हे निकष तिथूनच आलेत. हायड्रस मातीच्या प्रत्येक बोटभर थरात पाणी किती आणि क्षार किती याचा हिशेब करतं. पण काळी माती एप्रिलात भेगाळते, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. वळिवाचा पहिला तडाखा मातीतून झिरपत नाही, भेगेतून सरळ खाली पडतो आणि वर पडलेलं खत, फवारलेलं तणनाशक बरोबर नेतो. चार पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी अडवून धरते. जुलैची माती बघून बसवलेलं मॉडेल मेअखेरीचा तडाखा चुकवणार. भेगांचा वेगळा हिशेब करायची सोय त्यात आहे, पण त्यासाठी भेगा मोजाव्या लागतात.

या मातीत पाणी किती खाली जातं, हे आपल्याकडं प्रत्यक्ष मोजलं गेलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे आर. एन. आठवले आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या आसपास कुकडी आणि गोदावरी-पूर्णा खोऱ्यांत पावसाळ्याआधी मुळांच्या खाली ट्रिटियमयुक्त पाण्याचे थेंब सोडले, आणि पावसाळ्यानंतर माती काढून ते किती खाली सरकले ते पाहिलं. बेसाल्टच्या प्रदेशात पावसाच्या दहा टक्क्यांच्या आतच पाणी खाली मुरतं, असं निघालं. चाळीस वर्षांपूर्वीचा हा प्रयोग मला आजच्या कित्येक रंगीत नकाशांपेक्षा मोलाचा वाटतो. खडकात काय चाललंय हे खडकालाच विचारलेलं.

त्याच संस्थेनं पुढं दूषित पाण्याच्या प्रवासाची मॉडेलं केली: हैदराबादजवळच्या पटनचेरू औद्योगिक वसाहतीची आणि तमिळनाडूत दिंडीगलच्या चामडे कारखान्यांच्या पट्ट्याची. दोन्हीकडं खडक कठीण, पण ग्रॅनाइटी जातीचा. तिथं कारखान्यांचं पाणी ओढ्यांत, खाचरांत वर्षानुवर्षं सुटत होतं. उगम ठाऊक, जागा ठाऊक. मॉडेलला हे मानवतं. आपल्याकडं मळीमिश्रित पाण्याचं प्रकरण या जातीचं आहे. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना दहा-पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, निघतो. तो बाहेर सोडायचा नाही असा दंडक 2003 सालीच ठरला, आणि तरी कधी ना कधी कुठल्या तरी विहिरीचा रंग बदलतोच. इथं मॉडेलला काम सोपं: स्पेंटवॉशचं तळं कुठं ते ठरलेलं, विहीर कुठं ती ठरलेली, मधला उतार मोजता येतो. उसाचं आणि द्राक्षाचं तसं नाही. तिथं हजारो शेतं म्हणजे हजारो उगम, आणि आरोपी म्हणून बोट दाखवायला कुणीच नाही, किंवा सगळेच.

कोर्टात गेल्यावर काय होतं, याचा धडा अमेरिकेतल्या वोबर्नचा. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात दोन सार्वजनिक विहिरी 1979 मध्ये दूषित म्हणून बंद झाल्या, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरून पालकांनी कंपन्यांना खेचलं आणि 1986 मध्ये खटला उभा राहिला. प्रिन्स्टनचे जॉर्ज पिंडर साक्षीला आले, त्या काळच्या भूजल-मॉडेलिंगमधलं मोठं नाव. उलटतपासणीत त्यांना अडवलं ते एका साध्या प्रश्नानं: विहिरी चालू असताना त्यांच्यात शेजारच्या नदीचं पाणी किती आणि जमिनीखालचं किती? शिवाय ज्युरीला उत्तर हवं होतं तारखेत: अमुक रसायन विहिरीत कुठल्या महिन्यात पोचलं? मॉडेल दशकांत बोलतं, कायद्याला महिना लागतो. नदीचं पाणी किती, हा प्रश्न कृष्णाकाठच्या प्रत्येक जॅकवेलला आणि मळ्यातल्या विहिरीला तसाच लागू आहे. उन्हाळ्यात दिवसभर मोटर चालली की विहीर नदीकडून ओढते, पावसाळ्यात उलट. सांगली शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी नदीत जिथं मिसळतं, त्याच्या खालच्या अंगाला हा प्रश्न नुसता अभ्यासाचा राहत नाही.

आणखी एक अमेरिकी हिशेब सांगून पुढं जाऊ. ॲरिझोनातल्या एका भूजल मॉडेलनं 1965 ते 1974 या काळाचं भाकीत केलं होतं. लेनर्ड कोनिकोव्ह यांनी नंतर ते तपासलं, तर पाणी मॉडेलनं सांगितलं तितकं खाली गेलेलं नव्हतं. चुकीचा एक भाग माणसांचा होता: उपशाचा आधीचा कल पुढंही तसाच चालेल असं धरलं होतं आणि तसं झालं नाही. 1992 मध्ये त्यांनी ब्रेडेहोएफ्ट यांच्याबरोबर लिहून टाकलं की भूजलाचं मॉडेल ‘खरं ठरलं’ असं म्हणता येत नाही. फार तर ते अजून खोटं ठरलेलं नाही. सांगलीत माणसांचा उपसा असा दर काही वर्षांनी बदलतो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं आवर्तन ज्या गावात पोचलं तिथं विहिरींचा उपसा घटतो, पातळी वर येते, डाळिंबाच्या जागी ऊस येतो. पाण्याबरोबर युरियाही येतो. 2015 पर्यंतच्या नोंदींवर बसवलेलं मॉडेल आज त्या गावाबद्दल जे सांगेल, ते जुन्या गावाबद्दल असेल.

मग मॉडेल कशाला हवं, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर कसबे डिग्रजच्या बाजूला मिळतं. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं क्षारपड जमिनीत निचऱ्याचं काम बरंच केलंय. जमिनीत सव्वा-दीड मीटर खोल सच्छिद्र पाइप ठरावीक अंतरावर गाडायचे. क्षार पाण्यात विरघळून पाइपात, पाइपातून चरात. दोन पाइपांतलं अंतर किती, हा पैशाचा प्रश्न असतो: जवळ घातले तर खर्च दुप्पट, लांब घातले तर मधली पट्टी चोपणच राहते. हे अंतर डच शास्त्रज्ञ होखहाउट यांच्या 1940 च्या सूत्रानं काढतात, किंवा नॉर्थ कॅरोलिनात वेन स्कॅग्ज यांनी सत्तरीच्या दशकात बांधलेल्या ड्रेनमॉडसारख्या कार्यक्रमानं. इथं मॉडेल चालतं, कारण काठावरची माती खोल आहे, बऱ्यापैकी एकजात आहे, आणि मॉडेल चुकलं की सहा महिन्यांत पीकच सांगतं. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे काम मोठ्या क्षेत्रावर गेलंय.

पण पाइपातून जे निघतं ते कुठं जातं? मीठ जातं, तसं नायट्रेटही. ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत, हरिपूरला वारणा मिळते तिथून पुढं नरसोबाच्या वाडीला आणि तिथून कर्नाटकात. माझं शेत सुधारलं, पुढच्याच्या पाण्यात ते उतरलं. निचऱ्याच्या प्रस्तावात पाइपाच्या तोंडाशी हिशेब थांबवण्याची आपली सवय मला पटत नाही; ज्या ड्रेनमॉडनं अंतर काढलं, त्याच्याच नत्राच्या जोडकार्यक्रमाला विचारलं तर पाइपातून किती नायट्रेट वाहील तेही तो सांगतो. विचारत नाही कुणी.

विदा गोळाच होत नाही असंही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरलेल्या महिन्यांत मोजते, आणि 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत सातारा-सांगली दोन्ही जिल्हे घेतले गेले. गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला गेलाय. वेळू गावानं जलसंधारणाच्या गावस्पर्धेचा 2016 चा पहिला वॉटर कप जिंकला, तेव्हापासून कोरेगाव-माण-खटावकडं चर, बांध, पुनर्भरणाची भाषा घरात पोचलीय. पण ताळेबंदात लिटर असतात, मिलिग्रॅम नसतात. शेतातलं वाहतं पाणी गाळणीविना सरळ विहिरीत सोडण्याचं ‘पुनर्भरण’ही काही ठिकाणी होतं, आणि त्यातून जे आत जातं त्याला मॉडेलची गरजच उरत नाही. भेगही नाही, मुरूमही नाही. थेट.

सांगलीच्या द्राक्षाच्या तालुक्यांत एक विलक्षण वही मात्र ठेवली जाते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या उर्वरित अंशामुळं युरोपात भारतीय द्राक्षं अडकली. त्या औषधाच्या बाजारातल्या नावावरून इथं त्याला लिहोसिनचं वर्ष म्हणतात. बागायतदार अजून त्या हंगामाचं नाव काढलं की गप्प होतात. निर्यातीच्या बागांची नोंदणी आधीपासून होती, त्यानंतर शिस्त आणखी कडक झाली: कुठल्या गटातल्या बागेत कुठल्या तारखेला काय किती फवारलं, काढणीआधी किती दिवस, घडाचा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गेला. एका पेटीवरून मागं बागेपर्यंत पोचता येतं. भूजलाच्या मॉडेलला उगमाची माहिती हवी असते ती नेमकी याच रूपात: जागा, तारीख, रसायन, प्रमाण. जगातल्या बहुतेक मॉडेलवाल्यांना ती अंदाजानं भरावी लागते. तासगाव-मिरज-जतला ती कागदावर आहे, पण द्राक्षाच्या घडासाठी. त्याच बागेतल्या विहिरीचं पाणी रॉटरडॅमला जात नाही, म्हणून ते तसं तपासलं जात नाही. ते आपणच पितो.

जल जीवन मिशननं प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. नायट्रेटची तपासणी अवघड नाही: कुपीत पाणी, त्यात पुडी, हलवायचं, काही मिनिटं थांबायचं आणि गुलाबी रंग तक्त्याशी ताडून बघायचा. ही किटं गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. त्याच बायकांनी गावातल्या वीस शेतविहिरींचं पाणी मे संपताना, भेगा मिटल्यावर जुलैत आणि परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात तपासलं, आणि प्रत्येक विहिरीपुढं आडवे बोअर किती, कुठल्या तोंडाचे, केसिंग किती फूट, एवढं मालकाला विचारून लिहिलं, तर तीन वर्षांत त्या गावाची जी वही होईल तिच्यावर सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं मॉडेल बसवू शकतील. रंगाचा तक्ता ढोबळ असतो, 50 आणि 60 मधला फरक त्यात कळत नाही. मे ते जुलैमध्ये रंग गडद होणारी विहीर कुठली आणि न बदलणारी कुठली, एवढं तो सांगतो, आणि भेगेतून येतंय की मुरमातून, हे ठरवायला आधी तेच लागतं. सुरुवात कुठल्या वीस विहिरींपासून करायची, हे गावातल्या रिगवाल्याला विचारावं.